नळीतला घास

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. परवा कपाट आवरताना एक दोनशे पानी वही सापडली. रकाने मी आखलेले, अक्षर वहिनीचं. 'सकाळी ६, मुगाचं पाणी गाळून. ८, दूध. १०, ताक, मीठ घालून.' २०१६ साली माझ्या थोरल्या बंधूंचं, अण्णांचं, अन्ननलिकेच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर नळीतून दिलेल्या आहाराची ही नोंद. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, पण हा इतिहास माझ्याच कपाटात पडून होता!

आमच्या घरात हा आजार पहिल्यांदा आला तो आत्याच्या रूपाने. साधारण १९६५ची गोष्ट. आत्याला मिश्री लावायची सवय होती. आधी भाकरी उतरेना, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. आजी चमच्याने दूध पाजायची आणि ते परत यायचं. बीडसारख्या भागात तेव्हा याला कर्करोग कुणी म्हटलं नाही. 'अन्न तुटलं' एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर आत्या आजाराने गेली त्याहून जास्त उपासमारीने गेली.

घास उतरत नाही, मग तो दुसऱ्या वाटेने पोटात पोचवायचा, ही कल्पना तशी जुनी आहे. १७९० मध्ये लंडनचे जॉन हंटर यांनी गिळण्याची शक्ती गेलेल्या एका माणसाच्या घशातून ईल माशाच्या कातड्याची नळी घालून फेटलेली अंडी, दूध आणि वाइन पोचवली होती. तो माणूस बरा झाला. १८४९ मध्ये स्ट्रासबर्गला सेदियो यांनी पोटालाच भोक पाडून जठरात वाट केली. त्यांचा रुग्ण वाचला नाही. पण वाट सापडली होती.

आमच्या पिढीला मात्र नळी म्हटली की तुरुंग आठवतो. जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले. १९३३ मध्ये अंदमानात महावीर सिंग यांना बळजबरीने नळीने दूध पाजताना ते फुप्फुसात गेलं आणि त्यांचा अंत झाला. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो, आणि अण्णांनी ते माझ्याच तोंडून ऐकलेलं. त्यामुळे डॉक्टरांनी नळीचं नाव काढताच ते म्हणाले, "मी काय कैदी आहे का? नळी घालणार असाल तर ऑपरेशनच नको."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अन्ननलिकेचा रोगट भाग काढायचा, जठराची नळीसारखी पिशवी करून वर ओढायची आणि उरलेल्या टोकाला जोडायची. तो सांधा भरून यायला दिवस लागतात. कच्च्या सांध्यावरून अन्न गेलं आणि तो गळला, तर जिवावर बेततं. म्हणून पोटाच्या भिंतीतून एक बारीक नळी थेट लहान आतड्यात, सांध्याच्या बऱ्याच पुढे. नाकातून नाही, आणि बळजबरी तर मुळीच नाही.

तरी अण्णा गप्पच. त्या रात्री मी त्यांना न्यूयॉर्कच्या एका बाईची गोष्ट सांगितली. १९१३ मध्ये डॉ. फ्रान्झ टोरेक यांनी छाती उघडून तिची कर्करोग झालेली अन्ननलिका काढली. बाई ६७ वर्षांची. त्या काळी हे ऑपरेशन पार पडणं हाच चमत्कार होता. पण पुढची जोडणी काही झाली नाही. मग मानेला एक भोक, पोटाला एक भोक आणि दोन्हींच्या मध्ये शरीराबाहेरून रबराची नळी. बाई चावून गिळायची, घास नळीतून पोटात उतरायचा. अशी ती बाराएक वर्षं जगली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाराएक वर्षं? बाईनं?" सकाळी त्यांनी कागदावर सही केली.

घरी आल्यावर पिशवी खुंटीला टांगून थेंब थेंब आहार द्यायचा होता. पाचव्या दिवशी मी घाई केली. 'लवकर संपू दे' म्हणून चाक मोकळं सोडलं. थोड्याच वेळात अण्णांना घाम फुटला, पोटात कळा, जुलाब. जठर अन्न साठवून हळूहळू पुढे सोडतं, आतड्याला तसं साठवता येत नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, बहात्तरच्या दुष्काळात उपाशी माणसाला आधी पेजच द्यायचो ना आपण?" मी मास्तर, पण त्या दिवशी शिकलो मीच. त्यानंतर चाकाला मी हात लावला नाही. आधी आणि नंतर नळीतून कोमट पाणी सोडायचं, सगळं गाळून घ्यायचं, हे वहिनींनी एकदाही चुकवलं नाही.

आता आत्याकडे परत येतो. तिचं दुखणं कुठल्याच कागदावर नाही. मुंबईत टाटा रुग्णालय १९४१ मध्येच सुरू झालं होतं, पण खेड्यात कुणाला काय होतं हे मोजणारं कुणी नव्हतं. आमच्या शेजारच्या बार्शीत १९८७ मध्ये ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी सुरू झाली, भारतातली पहिली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगावी जाऊन माणसं नोंद करू लागली. आत्यासारख्यांच्या दुखण्याला तिथे पहिल्यांदा नाव आणि आकडा मिळाला. मला ही घटना कुठल्याही लढाईइतकी मोठी वाटते.

वहीतली शेवटची नोंद अशी आहे: 'आज तोंडाने. दुधात कुस्करलेली भाकरी, सहा घास. बसून. नंतर आडवं व्हायचं नाही.' पुढे अण्णा दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायचे. त्यानंतर ते चार वर्षं जगले, धाकट्या नातीचं लग्न पाहून गेले.

इतिहासात टोरेक यांचं नाव आहे, ते असावंच. पण त्या बाईची रबरी नळी रोज कुणीतरी धूत असेल. आमच्या घरातल्या त्या कुणाचं अक्षर माझ्याजवळ आहे, म्हणून हे लिहिलं.

असो. घरात कुणाचा घास वारंवार अडकत असेल तर 'पित्त असेल' म्हणून वाट पाहू नका. दुर्बिणीने तपासून घ्या. आणि मिश्री, तंबाखू सोडा, हे या म्हाताऱ्या मास्तरचं सांगणं.