शरणपूर ते फ्रीअरटाऊन : नाशिकने विसरलेले गुलाम

नाशिकचा इतिहास म्हटला की रामकुंड, पंचवटी, कुंभमेळा. आम्ही त्यात २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह जोडतो. पण केनियात मोंबासाजवळचे फ्रीअरटाऊन हे गाव वसवायला नाशिकहून माणसे गेली होती, हे किती नाशिककरांना ठाऊक आहे?

आजचा शरणपूर रोड रोज हजारो लोक तुडवतात. शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरत आणि १८६० नंतर त्यातली बरीच शरणपूरला येत. येथे ती वाचायला-लिहायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. आईबापांनी दिलेली नावे जाऊन नवी ख्रिस्ती नावे लागली, हेही विसरू नये.

त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला. त्याचे प्रेत सोबत्यांनी शेकडो मैल वाहून समुद्रकिनारी आणले, त्यात नाशिकला शिकलेले हे तरुण होते. मृत्यूची नोंद वेनराइटने झाडावर कोरली आणि पुढे तो प्रेतासोबत इंग्लंडपर्यंत गेला. पाठ्यपुस्तकात नाव मात्र एकट्या लिव्हिंग्स्टनचे!

त्याच १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली, अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलेली. जोतीरावांना जग दिसत होते. आपल्याकडच्या पंडितांना गावकुसाबाहेरचेही दिसत नव्हते.

१८७५ च्या सुमारास शरणपूरचे पाद्री प्राइस यांनी फ्रीअरटाऊन उभारले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे नाव त्याला दिले. नाशिकची मंडळी तेथे शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक झाली. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ती ओळखली जात. पण गाव सुखात नव्हते. मोंबासाचे गुलाममालक डोळे वटारून बसलेले, धोका दिसला की गावची घंटा वाजायची. आणि आतही काय? सुटलेल्या माणसांना मिशनच्याच गोऱ्या अधीक्षकाने फटके मारल्याचे प्रकरण १८८१ मध्ये गाजले. शिकलेल्या आफ्रिकनांना गोऱ्यांच्या बरोबरीचा मान मिळेना, म्हणून तेही धुमसत होते. दयेने मिळालेली मुक्ती आणि हक्काने घेतलेली मुक्ती यांत हाच फरक असतो.

१ जानेवारी १८८९ रोजी जवळच्या रबाई येथे आश्रयाला आलेल्या चौदाशेहून अधिक पळालेल्या गुलामांना मुक्तीचे दाखले मिळाले. भरपाई मिळाली ती मालकांना! ज्यांनी आयुष्य घाम गाळला त्यांच्या हाती फक्त कागद.

‘ते मिशनऱ्यांचे, त्यांचा आपल्याशी काय संबंध?’ असे म्हणणारे आपल्यातही भेटतात. संबंध आहे. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या, त्या उगाच नाही. नाशिकला शिकलेले मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासाला वारले ते १९३५ साली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. येवल्याला आपण दरवर्षी जातो. पुढच्या वेळी वाटेत शरणपूरलाही थांबू या.