विहीर समुद्रात, वाहिनी किनाऱ्यावर

१/ नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही प्रकाशा येथे गोमाईला पोटात घेऊन पुढे जाणाऱ्या तापीचे नाव अरबी समुद्रातील एका वायुक्षेत्राला दिले गेले. समुद्रातील तेलाचा प्रश्न केवळ कोकणाचा नाही.

२/ १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाचे भाव जवळपास चौपट झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आयातीच्या ओझ्याखाली वाकलेल्या देशाला ‘खोदावे की नाही’ हा प्रश्न फारसा पडला नाही.

३/ एवढ्या दूरची विहीर किनाऱ्यावरून दिसत नाही. तेलवाहिनी मात्र उरणपर्यंत येते. मे १९९३ मध्ये ती फुटली, हजारो टन तेल समुद्रात गेले आणि तवंग मुरुडच्या किनाऱ्याकडे सरकला.

४/ म्हणून पर्यटनाच्या किनाऱ्याजवळ खोदकामास परवानगी द्यावी का, हे ठरवताना विहिरीचे अंतर मोजून भागत नाही. वाहिनी कोठून जाते, ती फुटल्यास प्रथम कोणाची जाळी तेलात भिजतात आणि भरपाई कोण देतो, याचा निवाडा खोदण्यापूर्वीच व्हावा. तेलाचा लाभ प्रकाशापर्यंत पोहोचतो. तवंग किनाऱ्यावरच थांबतो.