चाक बसणें व चाक जुळणें



पावसाळा संपत आला कीं आपल्याकडे मोटारदुरुस्तीचीं दुकानें गजबजूं लागतात. खड्ड्यांत आदळून कोणाच्या छोट्या गाडीची रिम वांकलेली असते, तर कोणाच्या रिमला तडा गेलेला असतो. मालक विचारतो, "दुसरी रिम मिळेल का ?" दुकानदार भिंतीशीं लावलेल्या ढिगांतून एक रिम उचलतो, बोल्टांच्या भोंकांशीं धरून पाहतो, आणि म्हणतो, "बसते. घेऊन जा." आजच्या माझ्या भाषणाचा विषय हा एवढा एकच शब्द आहे : बसते. एखादी वस्तु बसणें आणि ती जुळणें यांत अंतर असतें. मोटारीच्या चाकाच्या बाबतींत तें अंतर कधीं कधीं एका मिलिमीटराचें असतें, आणि त्याची किंमत मात्र फार मोठी असूं शकते. हें अंतर कसें उत्पन्न झालें, तें समजण्यासाठीं चाकाच्या इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे.

आपल्या बैलगाडीपासूनच आरंभ करूं. मध्यें तुंबा, तुंब्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले वांकदार लांकडी पाटे, आणि या सर्वांवर लोखंडी धाव, अशी तिच्या चाकाची रचना. ही धाव लांकडी घेराहून किंचित् लहानच करावी लागे. आगींत लाल तापविली म्हणजे ती प्रसरण पावे. तेवढ्यांत ती चाकावर चढवून वर पाणी ओतलें कीं आकसून साऱ्या सांध्यांना आवळून धरी. धाव प्रमाणाबाहेर लहान झाली तर लांकडावर भलताच ताण पडे. मोठी झाली तर वाटेंत निखळून पडे. म्हणजे माप हाच चाकाचा प्राण, हें आमच्या सुतार-लोहारांस पक्कें ठाऊक होतें. परंतु तें माप त्या एका गाडीपुरतें असे. एका गांवच्या सुतारानें केलेलें चाक दुसऱ्या गांवच्या गाडीच्या आंसावर चढेलच असा भरंवसा नव्हता, आणि तशी अपेक्षाहि कोणी करीत नसे. बदली चाक बाजारांतून विकत आणावयाचें, ही कल्पना मोटारीबरोबर आली.

मोटारीच्या चाकाची कथा हवा भरलेल्या टायरापासून सुरू होते. रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं असा टायर पेटंट केला. परंतु त्याचा काळ यावयाचा होता. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं तीच कल्पना स्वतंत्रपणें पुन्हां काढली, आणि ती सायकलीमुळें जगभर पसरली. आतां प्रश्न असा आला कीं, हा फुगलेला टायर चाकाच्या कडेला धरून कसा ठेवावयाचा ? १८९० सालीं चार्ल्स वेल्च यानें एक युक्ति काढली. टायराच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घालावयाची, आणि रिमच्या मध्यभागीं खोलगट चर ठेवावयाचा. टायराची कड एका बाजूस त्या चरांत उतरली म्हणजे समोरच्या बाजूस ती रिमच्या कांठावरून पलीकडे जाते; हवा भरली कीं दोन्ही कडा आपापल्या जागीं घट्ट बसतात. आजच्या प्रत्येक मोटारीची रिम मूलतः याच तत्त्वावर आहे. रिमवर कोरलेल्या "५ जे × १३" अशा आंकड्यांचा अर्थ येथें उलगडतो. १३ हा टायर जेथें टेकतो त्या जागेचा इंचांतला व्यास, ५ ही दोन कांठांमधील इंचांतली रुंदी, आणि 'जे' हें त्या कांठाच्या आकृतीचें नांव. व्यासांत तडजोड मुळींच चालत नाहीं. रुंदींत थोडी चालते, पण टायर बनविणाऱ्यानें सांगितलेल्या मर्यादेंतच.

आरंभींच्या मोटारींचीं चाकें गाडीला कायमचीं जोडलेलीं असत. टायर फुटला म्हणजे भर रस्त्यांत बसून तो तेथेंच ठिगळावा लागे. १९०४ सालीं वेल्समधील लनेली गांवच्या डेव्हिस बंधूंनीं यावर तोड काढली. हवा भरलेल्या टायरासह आऱ्यांवांचूनची एक रिम गाडीबरोबर बाळगावयाची, आणि फुटलेल्या चाकाला ती बाहेरून चापांनीं जखडून पुढें जावयाचें. त्यांच्या गांवांतील स्टेपनी नांवाच्या रस्त्यावरून त्या चाकाला 'स्टेपनी' म्हणूं लागले. तें चाक केव्हांच काळाआड गेलें. परंतु जादा चाकाला आपला प्रत्येक ड्रायव्हर अद्यापहि स्टेपनीच म्हणतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९०८च्या सुमारास, इंग्लंडांतील जोसेफ सँकी यांच्या कारखान्यानें पत्रा दाबून केलेलें, काढतां-घालतां येणारें पोलादी चाक पुढें आणलें. चाक बोल्टांनीं जोडलें जाऊं लागलें, आणि "माझ्या गाडीला कोणाचें चाक चालेल ?" हा प्रश्न जन्मास आला.

कारण बोल्ट किती असावेत, आणि ते केवढ्या वर्तुळावर असावेत, हें प्रत्येक कारखानदारानें आपापल्या सोयीनें ठरविलें. या वर्तुळाच्या व्यासाला आपले मिस्त्री 'पीसीडी' म्हणतात. १९५९ सालच्या ब्रिटिश मिनी गाडीचीं चाकें अवघ्या १० इंचांचीं. तिचे चार बोल्ट १०१.६ मिलिमीटरांच्या वर्तुळावर. हा अपूर्णांक विचित्र वाटतो, पण ते बरोबर ४ इंच आहेत. अनेक जपानी गाड्यांवर आढळणारे ११४.३ मिलिमीटर म्हणजे तसेच साडेचार इंच. फियाटनें आपल्या छोट्या गाड्यांस ९८ मिलिमीटर घेतले. आपल्याकडे २००१ सालीं आलेल्या पालिओचें माप तेंच होतें. फोक्सवॅगनच्या एकाच घराण्यांत पाहा : जुन्या बीटल गाडीला २०५ मिलिमीटरांवर पांच बोल्ट होते, पुढें १३०वर चार झाले, १९७४च्या गोल्फला १००वर चार, १९९७च्या गोल्फला १००वर पांच, आणि २००३च्या गोल्फला ११२वर पांच. नांव एकच, पण आजोबांचें चाक नातवाला चढत नाहीं. २००९ सालीं बाजारांत आलेल्या टाटा नॅनोला तर तीनच बोल्ट होते.

यांतला खरा धोका मोठ्या फरकाचा नाहीं. २०५ आणि १३० यांचा घोळ कोणाचाहि होणार नाहीं. धोका ९८ आणि १०० यांचा आहे. व्यासांत दोन मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बोल्टाला एक मिलिमीटर. जोर लावला कीं चारी बोल्ट आंत जातात, दुकानदार म्हणतो, "बसली." परंतु प्रत्येक बोल्ट किंचित् वांकून बसलेला असतो, त्याचें डोकें आपल्या खोबणींत अर्धेंच टेकलेलें असतें, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो सैल होऊं पाहतो. म्हणून माप स्वतः घ्यावें. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन भोंकांच्या मध्यांमधील अंतर हाच व्यास. पांच असतील तर समोर भोंक नसतें. अशा वेळीं शेजारच्या दोन भोंकांच्या मध्यांमधील अंतर मोजून त्यास १.७ नें गुणावें. ५८.८ आलें तर वर्तुळ १००चें, ६५.८ आलें तर ११२चें.

दुसरें माप रिमच्या मधल्या भोंकाचें. त्याचा अनुभव मला घरींच आला. माझ्या पुतण्याकडे चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली पोलो आहे. तेथें या गाडीचें उत्पादन २०२२ सालापर्यंत होत असे. खड्ड्यांत दोन रिमा गेल्यावर त्यानें एका दुकानांतून चार नव्या, चकचकीत रिमा घातल्या. पांच बोल्ट, वर्तुळ १००चें, सर्व यथास्थित. पण ताशीं ८० किलोमीटरांच्या पुढें गाडी गेली कीं सुकाणूचें चाक थरथरे. तीन वेळां चाकांचा तोल साधून झाला, थरथर जाईना. एके दिवशीं मी शेजारीं बसलों असतां डाव्या बाजूनें टक्‌टक् असा आवाज येऊं लागला. मी गाडी थांबवावयास लावली. उतरून पाहतों तों पुढच्या डाव्या चाकाचे पांचांपैकीं दोन बोल्ट नुसत्या हातानें फिरत होते.

ज्या वृद्ध मिस्त्रीकडे मग आम्ही गेलों, त्यानें चाक उतरवून मधल्या भोंकांत बोट फिरविलें व म्हणाला, "मास्तर, हें चाक मधोमध टेकलेंच नाहीं." पोलोच्या तुंब्याचा मधला उंचवटा ५७.१ मिलिमीटरांचा. रिमचें भोंक तेवढेंच असलें म्हणजे चाक आपोआप मध्यावर येतें. बाजारांतील रिमा अनेक गाड्यांस चालाव्या म्हणून त्यांचें भोंक मोठें ठेवतात, आणि उरलेली जागा भरण्यास एक कडें घालावयाचें असतें. तें कडें कोणीं घातलेंच नव्हतें. शिवाय मूळ बोल्टांचें डोकें खालून चेंडूसारखें गोल, तर नव्या रिमची खोबणी शंकूसारखी. गोल डोकें शंकूंत टेकतें तें केवळ एका रेषेवर. कडीं आणि शंकूच्या डोक्याचे बोल्ट घालतांच थरथर नाहींशी झाली. चार कड्यांची व वीस बोल्टांची ती गोष्ट. पण त्यांच्या अभावीं त्या दिवशीं घाटांत काय झालें असतें, याचा विचार मीं पुतण्यापाशीं बोलूनहि दाखविला नाहीं.

तिसरें माप सर्वांत गूढ, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षिलेलें. रिमवर 'ईटी' हीं अक्षरें व पुढें एक आंकडा असतो. आइनप्रेसटीफ या जर्मन शब्दाचें हें संक्षिप्त रूप. रिमच्या रुंदीचा मध्य आणि ती जेथें तुंब्याला टेकते तो पृष्ठभाग, यांमधील मिलिमीटरांतलें अंतर म्हणजे ईटी. आंकडा कमी झाला तर चाक तितकें बाहेर सरकतें, वाढला तर आंत जातें. ४५ ऐवजीं २५ची रिम घातली कीं चाक २० मिलिमीटर बाहेर आलें. "दिसायला रुबाबदार दिसतें," असें तरुण मंडळी म्हणतात. परंतु १९७२ सालीं आलेल्या आउडी ८० या गाडींत, व पुढें १९७४च्या गोल्फमध्यें, कारागिरांनीं एक मोठी दूरदृष्टीची योजना केली होती. ब्रेकचे दोन मार्ग त्यांनीं तिरपे वांटले : पुढचें डावें चाक मागच्या उजव्याशीं, पुढचें उजवें मागच्या डाव्याशीं. एक मार्ग निकामी झाला तर पुढचें एकच चाक ब्रेक धरतें, आणि गाडी त्या बाजूस ओढ घेते. ती ओढ मोडण्यासाठीं, पुढचें चाक ज्या रेषेभोंवतीं वळतें ती रेषा जमिनीला टायराच्या मध्याच्या किंचित् बाहेर मिळेल अशी रचना केली. मग ब्रेकचा जोरच चाकाला उलट्या बाजूस वळवितो, आणि गाडी सरळ राहते. हा सारा हिशेब कांहीं मिलिमीटरांचा आहे. रुबाबासाठीं चाक २० मिलिमीटर बाहेर काढणारा मनुष्य, आपल्याला ठाऊकहि नसलेलें एक संरक्षण स्वतःच्या हातानें काढून टाकीत असतो. आणि तें गेल्याचें त्याला कळतें ब्रेक निकामी होईल त्या दिवशीं.

शेवटचें माप संपूर्ण चाकाच्या उंचीचें. मोठी रिम घ्यावयाची असेल तर टायराची भिंत तितकी बुटकी हवी. पहिल्या गोल्फच्या १३ इंची रिमवर १५५ मिलिमीटर रुंदीचा टायर असे. त्याची भिंत रुंदीच्या सुमारें शेंकडा ८० धरली तर चाकाचा एकूण व्यास ५७८ मिलिमीटर येतो. त्याच गाडीच्या वेगवान नमुन्यास पुढें १४ इंची रिमवर १८५ रुंदीचा, शेंकडा ६० भिंतीचा टायर दिला गेला. हिशेब करून पाहा, व्यास ५७७.६ येतो. रिम एका इंचानें वाढली, चाक मात्र तेवढेंच राहिलें. उंची बदलली तर वेगदर्शक कांटा खोटें बोलूं लागतो, आणि टायर वळणावर आंतल्या पत्र्याला घासतो.

आणि धातूविषयीं एक शब्द. १९२४ सालीं बुगाटीच्या शर्यतीच्या गाडीवर ॲल्युमिनियमचीं ओतीव चाकें आलीं, तेव्हांपासून त्यांची मोहिनी आहे. पोलाद खड्ड्यांत वांकतें, ओतीव धातु मात्र तडकूं शकते. म्हणून तिच्यावर परीक्षेची खूण व किती वजन पेलेल त्याचा आंकडा कोरलेला आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें, चकाकी मागाहून.

या सर्व इतिहासांतून मला दिसतें तें असें. व्यास, रुंदी, बोल्टांचें वर्तुळ, मधलें भोंक, ईटी, हीं पांच मापें एका बैठकींत कोणीं ठरविलेलीं नाहींत. एक सायकलीच्या दिवसांतलें, एक इंचांच्या राज्यांतलें, एक जर्मन कारागिरांच्या टांचणांतलें. म्हणून एक जुळलें यावरून दुसरें जुळेल असें कधींहि गृहीत धरूं नये. दुकानांत जातांना हे पांचहि आंकडे मूळ रिमवरून किंवा गाडीच्या पुस्तिकेवरून कागदावर उतरून न्यावेत, आणि बोल्टांच्या डोक्याचा आकार विचारावा. बोल्ट प्रथम हातानें फिरवून घ्यावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावेत, आणि शंभर किलोमीटरांच्या आंत पुन्हां एकवार तपासावेत.

आमच्या गांवचा लोहार धाव चढविण्यापूर्वीं लांकडी घेर दोरीनें मोजी, धाव मोजी, आणि पुन्हां घेर मोजी. लहानपणीं मला वाटे, म्हातारा विसरभोळा आहे. तो विसरभोळा नव्हता.