काचपेटीतला तोल आणि उन्हाळा

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मला एक कोडे घातले. त्यांच्या वर्गातल्या काचपेटीत चार गोल्डफिश होते. ऊन वाढू लागले तसे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. पाण्यात प्राणवायू कमी पडत असणार, हे बाईंनी अचूक ओळखले. वनस्पती प्राणवायू देतात, म्हणून त्यांनी पेटीत भरपूर पाणवनस्पती लावल्या. पाणी आटू नये म्हणून पेटी काठोकाठ भरली आणि वर काच झाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाई दार उघडून पाहतो तो चारही मासे मेलेले! ‘‘पुस्तकातला नियम चुकला, की आम्ही चुकलो?’’ असे बाईंनी विचारले.

याचे उत्तर काचपेटीच्या इतिहासात सापडते.

१७७१ मध्ये जोसेफ प्रिस्टली यांना असे आढळले, की मेणबत्ती जळून ‘खराब’ झालेल्या बंदिस्त हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली, तर काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकते. १७७९ मध्ये यान इंगेनहौझ यांनी दाखवून दिले, की वनस्पती हे काम फक्त प्रकाशात करतात. अंधारात त्या प्राण्यांप्रमाणेच हवा खराब करतात. शोधाचा पहिला भाग सर्वांच्या लक्षात राहिला. दुसऱ्याचा मात्र पुष्कळांना विसर पडतो.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी हीच कल्पना पाण्यात उतरवली. १८५० मध्ये त्यांनी केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. सुमारे बारा गॅलन, म्हणजे ५४ लिटर मावतील अशा काचपात्रात त्यांनी छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. कुजकी पाने आणि शेवाळ यांमुळे पाणी बिघडू लागले, तेव्हा ते खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या. मासे, वनस्पती आणि गोगलगाई यांचा तोल जमला. पाठ्यपुस्तकांत दिसणारे चित्र ते हेच.

परंतु मूळ वर्णनातल्या दोन गोष्टी या चित्रात येत नाहीत. वॉरिंग्टन यांनी पात्र अर्धेच भरले होते आणि त्याच्या तोंडावर पातळ मलमल ताणली होती. लंडनच्या हवेतली काजळी आत येऊ नये, पण हवा खेळती राहावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे तोल फक्त मासे आणि वनस्पती यांच्यातला नव्हता. उघड्या पृष्ठभागावरून मिळणारी हवा हीही त्यात भागीदार होती.

हवेचे हे महत्त्व अ‍ॅना थिन यांनी त्याआधीच ओळखले होते. १८४६ मध्ये त्यांनी टॉर्की येथून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. दर वेळी नवे समुद्रजल कोठून आणणार? मग उघड्या खिडकीपाशी तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे, अशी युक्ती त्यांनी काढली. ओतण्याचे कष्ट अर्थात त्यांच्या घरातल्या मोलकरणीचे. आज आपण विजेच्या पंपाने पाण्यात बुडबुडे सोडतो, ते काम तेव्हा ती मुलगी करत होती.

१८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठल्याने काच स्वस्त झालीच होती. घरोघरी पेट्या आल्या आणि उन्हाळा ही मोठी अडचण ठरली. चहूबाजूंनी ऊन घेणाऱ्या पेटीत पाणी तापे आणि शेवाळ माजे. वॉरिंग्टन यांनी मग तिरप्या अपारदर्शक पाठीची पेटी सुचवली, म्हणजे प्रकाश तळ्यातल्याप्रमाणे वरूनच यावा. विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. १८७१ मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी टाक्यांतल्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवले आणि ते पंपाने सतत खेळवले. मोठा साठा सावकाश तापतो आणि खेळत्या पाण्यात हवा मिसळत राहते.

आता बाईंच्या पेटीकडे येऊ. २० अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशाला साडेसातच्या आसपास. उलट, तापमान दहा अंशांनी वाढले की माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. त्यात दाट वनस्पती रात्रभर श्वसन करून उरलासुरला प्राणवायूही वापरतात. काच झाकलेली आणि पेटी काठोकाठ भरलेली, म्हणून हवेचीही वाट अडली. सूर्योदयापूर्वी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे मेले ते पहाटे, हा योगायोग नव्हे.

म्हणून उन्हाळ्यात पेटी खिडकीपासून दूर, सावलीत ठेवावी. पाणी काठाच्या खाली ठेवून वर काचेऐवजी मलमल किंवा जाळी लावावी. खाणे कमी घालावे, कारण उरलेले अन्न कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. पंख्याचा वारा पृष्ठभागावर येऊ द्यावा. माठाचे तत्त्व येथेही लागू पडते. ५० लिटर पाण्यातून अर्धा लिटर वाफ होऊन गेले, तर त्यासाठी लागणारी उष्णता बाकीचे पाणी सुमारे सहा अंशांनी थंड करण्याइतकी असते. बाहेरून उष्णता येतच असल्याने प्रत्यक्षात घट याहून कमी दिसते. बर्फ थेट टाकू नये. तापमान एकदम उतरणेही माशांना सोसत नाही. वीज गेली, तर मुलांनी आळीपाळीने तांब्याने पेटीतले पाणी काढून थोड्या उंचीवरून हळूहळू परत ओतावे.

विद्यार्थ्यांना सकाळी आणि दुपारी पाण्याचे तापमान घेऊन माशाच्या कल्ल्यांची झाकणे मिनिटात किती वेळा हलतात, ते मोजायला सांगावे. दोन आठवड्यांच्या नोंदींतून उन्हाळ्याचा परिणाम त्यांना स्वतःच दिसेल.

पुस्तकातला नियम चुकीचा नव्हता, अर्धा होता. फळ्यावर मासा, वनस्पती आणि सूर्य यांचे चित्र काढाल तेव्हा शेजारी रात्रीचेही एक चित्र काढावे आणि दोन्ही चित्रांत पेटीचे तोंड उघडे ठेवावे.