वाड्याचा इतिहास-शोध

पेशवेकालीन वा नंतरच्या जुन्या वाड्याचे बांधकाम, मालकी आणि बदल यांचा कागदपत्रांवरून व वास्तूवरून घेतलेला मागोवा. शोध आजपासून मागे न्यावा: नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, मग घरपट्टीचे आकारणी उतारे, खरेदीखते, वाटणीपत्रे. त्याआधीचे कागद बहुधा मोडी लिपीत असतात. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचा (स्थापना १९१०) संग्रह हे त्यांचे मोठे साठे.

खरी कसोटी कालनिर्णयात लागते. मोडी कागदांवर शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३२. वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने मृगानंतरच्या तारखेला ५९९, जानेवारी ते मृग या काळातील तारखेला ६०० मिळवून इसवी सन काढतात. शनिवारवाड्याची वास्तुशांत याच शुहूर ११३२ मधली, जानेवारी १७३२ ची.

इमारतही साक्ष देते. मंगलोरी कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, तेव्हा तशी कौले असलेले छप्पर त्यानंतरचेच. खालचा वाडा मात्र कितीतरी जुना असू शकतो. घरातील ऐकीव हकिकती आवर्जून टिपाव्यात, पण कागदाचा आधार मिळेपर्यंत त्या प्रमाण मानू नयेत.