लिम्फोमा : जनुकीय बदल आणि आनुवंशिकतेचा समज

'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे दोन शब्द मराठी व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. लिम्फोमाच्या बाबतीत हा घोटाळा केवळ भाषेपुरता राहत नाही. लसीकापेशींचा हा कर्करोग जनुकांतील बदलांमुळे उद्भवतो, असे ऐकताच तो पिढीजात असल्याचा ग्रह होतो, आणि रुग्णाच्या भावंडांवर व अपत्यांवर, विशेषतः सोयरीक जुळविताना, संशयाची छाया पडते. ह्या रोगाच्या संशोधनाचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो.

१८३२ मध्ये लंडनच्या टॉमस हॉजकिन ह्यांनी लसीकाग्रंथी व प्लीहा ह्यांच्या वाढीचे वर्णन केले, ते केवळ शवविच्छेदनात डोळ्यांना दिसलेल्या लक्षणांवरून. पुढे स्टर्नबर्ग ह्यांनी १८९८ मध्ये व डोरोथी रीड ह्यांनी १९०२ मध्ये त्या ग्रंथींतील विशिष्ट महापेशींची ओळख पटविली. तथापि आकारावरून रोगाची जात कळली, तरी कारण कळले नाही. १९५८ मध्ये डेनिस बर्किट ह्यांनी युगांडातील मुलांच्या जबड्यात आढळणाऱ्या अर्बुदाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९६४ मध्ये त्याच अर्बुदाच्या पेशींत एप्स्टाइन-बार विषाणू सापडला. मलेरियाच्या प्रदेशातच हा रोग विशेष बळावतो, हेही दिसून आले. कारणाचा शोध अशा रीतीने प्रथम कुळाकडे नव्हे, तर परिस्थितीकडे वळला.

पेशीच्या अंतरंगातील पुरावा त्यानंतर आला. १९७२ मध्ये मानोलोव्ह व मानोलोव्हा ह्यांना बर्किट-अर्बुदाच्या पेशींत चौदाव्या गुणसूत्रावर एक अधिक पट्टा दिसला. तो आठव्या गुणसूत्राचा तुटून आलेला तुकडा होय, हे लोरे झेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखविले. १९८२ मध्ये त्या तुकड्यावर 'मिक' हे पेशीविभाजनाला चालना देणारे जनुक असल्याचे सिद्ध झाले. चौदाव्या गुणसूत्रावर प्रतिपिंडाच्या घडणीचे जनुक असते व लसीकापेशीत ते सदैव जागते असते. त्याच्या शेजारी जाऊन पडलेले 'मिक'ही मग अहोरात्र जागते राहते.

असे स्थलांतर नेमके ह्याच पेशींत वारंवार का घडावे, ह्याचे उत्तर त्यांच्या कार्यातच आहे. नाना प्रकारच्या जंतूंना पुरून उरतील अशी प्रतिपिंडे घडविण्यासाठी बी-लसीकापेशी स्वतःचीच जनुके तोडतात, जोडतात व पालटतात. अन्य कोणतीही देहपेशी एवढे धाडस करीत नाही. ह्या जोडणीत क्वचित चूक होते. अठराव्या गुणसूत्रावरील 'बीसीएल-२' जनुक चौदाव्यावर जाते, तेव्हा पुटकीय लिम्फोमाचा पाया पडतो. हे जनुक पेशीची वाढ करीत नाही, तर तिचे मरण टाळते, असे मेलबर्नच्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखविले. परंतु हेच स्थलांतर अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही आढळते. म्हणजे एका बदलाने रोग होत नाही. त्यावर आणखी बदलांची भर पडावी लागते. हे सारे बदल देहपेशींत, आयुष्याच्या ओघात घडतात. ते जननपेशींत नसल्यामुळे अपत्याकडे जात नाहीत. निकटच्या नातलगांत ह्या रोगाचा धोका किंचित अधिक असतो आणि काही विरळ जन्मजात प्रतिकारदोषांत तो बराच वाढतो, हे खरे. परंतु बहुसंख्य रुग्णांची कथा ती नव्हे.

मुंबईतील संशोधनपरंपरेला ही दृष्टी परकी नाही. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. लोकांच्या सवयी व कर्करोग ह्यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा प्रमुख विषय होता, डॉ. कमल रणदिवे ह्यांनी त्याच केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. २००२ मध्ये ही संशोधनशाखा परळहून खारघरला आली. सिडकोच्या १९७० मधील स्थापनेनंतर ज्या आगरी-कोळी गावांभोवती नवी मुंबई वाढली, त्यांपैकी नेरुळच्या खाडीकाठचे सारसोळे येथून खारघर थोड्याच स्थानकांच्या अंतरावर आहे. एके काळी परळला जावे लागे, ते संशोधन ह्या गावांच्या शेजारी आले.

मुंबईच्या आय.आय.टी.ने व टाटा स्मारक केंद्राने मिळून विकसित केलेल्या 'नेक्सकार-१९' ह्या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. त्यात रुग्णाच्याच टी-लसीकापेशींत नवे जनुक घालून त्यांना रोगी बी-पेशी ओळखावयास लावतात. हा बदलही जनुकीयच आहे, आणि तोही मुलाबाळांत उतरत नाही. उपचारातील जनुकबदलाविषयी जे सहज पटते, ते रोगातील जनुकबदलाविषयीही पटावयास हवे. लिम्फोमा जनुकीय आहे. बहुतेक कुटुंबांत तो आनुवंशिक नाही. वैद्यक शिकविणाऱ्याने व लिहिणाऱ्याने हे दोन शब्द वेगळे राखले, तर रुग्णाच्या घरावरील एक अकारण डाग पुसला जाईल.