नारूचे उच्चाटन : जलशिक्षणाच्या इतिहासातील एक पर्व

देवी, पटकी आणि ग्रंथिक सन्निपात या रोगांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु ज्या व्याधीने दख्खनच्या अवर्षणग्रस्त टापूतील खेड्यांना शतकानुशतके पिडले, आणि जिचा निःपात कोणत्याही लशीने वा पोटात घेण्याच्या औषधाने नव्हे, तर पिण्याच्या पाण्याची नवी व्यवस्था आणि त्या पाण्याविषयीचे शिक्षण या दोहोंच्या संयोगाने झाला, त्या नारूची स्मृती आज खेड्यांतील वृद्धांपुरतीच उरली आहे. ही विस्मृती एका परीने विजयाचीच खूण असली, तरी विजय कसा मिळाला हे विसरणे मात्र परवडणारे नाही.

नारू म्हणजे सुतासारखा बारीक आणि दोन हातांपर्यंत लांब वाढणारा कृमी. पाण्यावाटे पोटात गेल्यावर वर्षभर त्याचा मागमूसही लागत नसे. मग एके दिवशी घोट्याजवळ अथवा पोटरीवर फोड येई, अंगाची आग होई, आणि फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्याचे टोक डोकावू लागे. ते टोक एका काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटे बाहेर काढावयाचे, एवढाच काय तो उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. घाई केली तर कृमी मध्येच तुटे, आत राहिलेल्या भागाने पाय सुजून पू होई, आणि घरातला कर्ता कुणबी ऐन मशागतीच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे बाजेवर पडून राही. त्या वर्षी त्या घरची सुगीही त्याच्याबरोबर आडवी होई.

या रोगाचे मूळ जिथे होते, ते स्थळ आपल्या लोकांच्या श्रद्धेचे आणि कृतज्ञतेचे होते. वाटसरूसाठी व गुराढोरांसाठी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बांधणे हे महत्पुण्य मानले जाई. अहिल्याबाई होळकरांसारख्या धर्मपरायण राज्यकर्तीने ठिकठिकाणी बांधविलेल्या बारवा व घाट आजही त्यांच्या औदार्याची साक्ष देतात. परंतु ज्या पायऱ्यांनी तहानलेल्याला थेट पाण्यापर्यंत नेले, त्याच पायऱ्यांनी नारूच्या रोग्याचा पायही पाण्यात नेला. फोडाची आग शमविण्यासाठी, अथवा घागर भरण्यासाठी, रोगी घोटाभर पाण्यात उतरला की कृमीची मादी सहस्रावधी सूक्ष्म अळ्या त्या पाण्यात सोडी. सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जलपिसू त्या अळ्या गिळी. आणि तेच पाणी कळशीतून घरी येऊन मुलाबाळांच्या पोटात जाई. हे चक्र अलेक्सेई फेडचेन्को या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने 1870 च्या सुमारास तुर्कस्तानात उलगडले. परंतु विद्वानांच्या दप्तरात जमा झालेले हे ज्ञान बारवेच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईपर्यंत पोहोचण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

भारत सरकारने 1983-84 मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग ठाण मांडून होता आणि वर्षाकाठी सुमारे 40,000 रोग्यांची नोंद होत होती. या कामाच्या अंमलबजावणीत अनेक तजविजी होत्या : घरोघर जाऊन रोग्यांचा शोध घेणे, बारवांच्या पायऱ्या बंद करून आणि भोवती कठडा उभारून त्यांच्या ओढविहिरी करणे, पाण्यात टेमेफॉस हे औषध ठराविक प्रमाणात टाकून जलपिसूंचा नाश करणे, आणि जिथे भूगर्भात पाणी लागेल तिथे हातपंप बसविणे. या हातपंपाच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जालना आणि सोलापूर येथे ख्रिस्ती मिशनच्या व स्थानिक कारागिरांच्या प्रयत्नांतून जे मजबूत पंप घडले, त्यांच्याच आधारावर 1970 च्या दशकात युनिसेफच्या साह्याने ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला, आणि खेडोपाडी तो ‘हापसा’ म्हणून रूढ झाला.

परंतु लोखंडाने आणि औषधाने अर्धेच काम होते. पुष्कळ ठिकाणी हापशाचे पाणी लोकांना मचूळ किंवा लोखंडाच्या चवीचे वाटे; बारवेत औषध टाकू देण्यास गाव सहज राजी होत नसे; आणि नारू हा दैवी कोप अथवा पूर्वकर्माचे फळ आहे अशी समजूत घट्ट असे. तिथे हुकूम चालत नव्हता, प्रत्ययच हवा होता. म्हणून आरोग्यसेवक बारवेचे पाणी काचेच्या भांड्यात घेऊन ते उन्हात धरीत आणि त्यात उड्या मारणारे पांढरे ठिपके गावकऱ्यांना व शाळेतल्या मुलांना दाखवीत; मग तेच पाणी दुहेरी कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात ओतीत, आणि ते ठिपके नाहीसे झाल्याचे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देत. कापडाची वरची बाजू नेहमी वरच राहिली पाहिजे, ती उलटली तर अडकलेले पिसू पुन्हा पाण्यात उतरतात, हा बारकावाही याच शिक्षणाचा भाग होता. राजस्थानात बांसवाडा, डुंगरपूर आणि उदयपूर या जिल्ह्यांत तर खेड्यातल्या स्त्रियांनाच हातपंप दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले, आणि पाण्याचा भार वाहणारे हातच पाण्याच्या व्यवस्थेचे रक्षक बनले.

भारतातील नारूचा अखेरचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. नारूवर लस नव्हती, आजही नाही. रामबाण औषधही नाही. तरीही तो गेला, याचे कारण निरक्षर माणसालाही कापडातून पाणी का गाळावे हे पटले होते. ज्याला कारण समजते तो पहारेकऱ्याविना नियम पाळतो, हा या पर्वाचा सारांश आहे.

आज आपल्या शाळांच्या ओसरीवर जलशुद्धीकरणाची यंत्रे बसू लागली आहेत, आणि ते इष्टच आहे. पण त्या यंत्राच्या नळाखाली पेला धरणाऱ्या विद्यार्थ्याला आत काय घडते हे ठाऊक नसेल, पटलातून क्षार कसे अडतात, त्या क्रियेत किती पाणी वाया जाते, आणि गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर अर्धा तास का थांबावयाचे हे त्याला कोणी सांगितले नसेल, तर यंत्र बिघडल्याच्या दिवशी तो बारवेच्या पायरीवरच्या आपल्या पणजोबाइतकाच असहाय ठरेल. पाण्यातील क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकताच पाणी पिवळे होते की नाही, एवढे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. एक परीक्षानळी आणि एक जिज्ञासू शिक्षक पुरतो. प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या पाण्याची ही परीक्षा मुलांच्या हातून नियमाने करून घ्यावी, तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि दोष आढळल्यास मुलांनीच तो ग्रामसभेत मांडावा, एवढी विनंती शिक्षकबंधूभगिनींना करावीशी वाटते.